घर बंद, रेडिओ चालू

८ डिसेंबर

प्राचार्यांनी बोलावले. या सत्रात इंग्रजी लेखनाचे तास संगणक कक्षात घ्यायचे, एआय चॅटबॉट वापरून. वरून पत्र आले आहे. "तुम्हीच घ्या," म्हणाले. "तुम्हाला वेळ आहे."

शोभा गेल्यापासून मला वेळ आहे असे सगळ्यांनी धरले आहे.

संगणक कक्ष हेमराजकडे. तो संध्याकाळी गावातल्या लोकांचे ऑनलाइन अर्जही भरून देतो. प्रत्येक मुलाचे वेगळे खाते उघडू, असे मी म्हणालो.

"कायले सर? पोरं पासवर्ड विसरतात. अर्धा तास त्यातच जाते. तुमचं खातं आहे ना? तेच साऱ्या मशिनीवर चालवू. अर्ध्या समुद्रपूरचे फॉर्म माह्या एका मोबाइल नंबरवर भरले आहेत. कोणाचं काही अडलं नाई."

हे खाते मी दिवाळीच्या सुटीत उघडले, काय प्रकार आहे ते पाहायला. तेव्हापासून संध्याकाळी थोडे बोलतो. इंग्रजीचा सराव राहतो. बोलून झाले की सगळे पुसून टाकतो, फळा पुसतो तसे. मुलांना दिसण्यासारखे त्यात काही नाही.

हेमराजने पासवर्ड फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पवनार. कोणी काही विचारले नाही.

१२ डिसेंबर

बी.ए. अंतिम वर्ष. पहिला विषय दिला: माझे घर. यंत्राची मदत घ्या म्हणालो, कशी ते सांगितले नाही. मुद्दाम.

तासाअखेरीस सगळ्यांचे कागद हातात होते. चुका नव्हत्या. सगळ्यांच्या घरांवर मंद वारा वाहत होता. सगळ्यांच्या आया कुटुंबाचा कणा होत्या. मी काही मोठ्याने वाचले.

"सर," मागून अश्वजित म्हणाला, "माही माय अन् धीरजची माय एकच होऊन राह्यली."

"तरीच तू माह्यासारखा दिसतं बे," धीरज म्हणाला.

अश्वजित पोलीस भरतीची तयारी करतो. सकाळी धावून येतो आणि तासात झोपतो. आज झोपला नाही.

पुढच्या तासापासून पद्धत बदलायची. आधी कागदावर, स्वतःच्या हाताने, येईल तशा इंग्रजीत. मग यंत्राला तो मजकूर द्यायचा आणि सांगायचे की दुरुस्त करू नको, मला प्रश्न विचार. वाक्य द्यायचे नाही, प्रश्न द्यायचे. मुलांना वाक्यांची टंचाई नाही. त्यांना कोणी विचारत नाही, ही टंचाई आहे.

१९ डिसेंबर

प्रश्नांची पद्धत चालते आहे. इंग्रजी मोडकी, पण घरे वेगळी झाली. दिपालीच्या घरात एक दार आहे, ते लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. हे गेल्या आठवड्यात तिच्या कागदावर नव्हते.

भावना थूल अडून बसली आहे. जामची मुलगी, रोज एसटीने येते. वडील गुलाबराव, चौकात त्यांचे टायरचे आणि पंक्चरचे दुकान, मागे घर. यंत्राने तिला विचारले, घरात काय ऐकू येते? तिने लिहिले, ट्रक. मग विचारले, आणखी काय? तिने लिहिले, आणखी ट्रक.

मी म्हणालो, "दुकानावर लिही. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतात, तेवढ्यावरही परिच्छेद होईल."

"सर, सगळे मले टायरवरच लिहाले सांगतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"शाळेत मॅडम सांगे. जयंतीच्या भाषणात सांगतात, बापाच्या कष्टावर बोल म्हणून. आता ही मशीनबी सांगून राह्यली. अन् तुमी."

"जे माहीत आहे ते लिहावे."

"अन् जे माहीत नाई ते लिहू नये का सर?"

सुरुवातीला नाही, असे मी म्हणालो. उत्तर बरोबर आहे. तिला पटलेले दिसले नाही.

२६ डिसेंबर

तास नव्हता. वर्ध्याला जाऊन आलो, दुपार गेली. परतल्यावर कुलूप काढताना आत नागपूर केंद्रावर कोणी तरी कपाशीच्या बोंडअळीबद्दल बोलत होते.

शेजारच्या मंदाबाई कुंपणावर कपडे वाळत घालत होत्या. "भाऊजी, घरी कोणी नसते अन् रेडिओ काऊन चालू ठेवता?"

राहू द्या, म्हणालो.

रेडिओ बंद करून बाहेर पडायचे नाही असे या घरात ठरलेले आहे. मी ठरवलेले नाही.

संध्याकाळी यंत्राशी बोललो. आज त्याने उलट मलाच प्रश्न विचारले. मुलांना विचारायला शिकवले, तीच सवय लागली असावी. उत्तरे दिली. नंतर पुसले.

५ जानेवारी

भावना तासानंतर थांबली. हैदराबादच्या एका संस्थेचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी. राहणे, जेवण त्यांचे. प्रवेशाला परीक्षा नाही. एक निबंध इंग्रजीत, आणि शिक्षकाचे पत्र की हे लेखन विद्यार्थ्याचेच आहे. महिनाअखेर शेवटची तारीख.

"घरी विचारलेस?"

"बाबा म्हणे, जा. माय म्हणे, जाच." मग म्हणाली, "नाई झालं तर उन्हाळ्यानंतर काही नाई सर. दुकानाच्या मागं बसून राहीन. पुढचं शिकाले नागपूरला ठेवणं होत नाई त्यायच्यानं."

निबंधाचा विषय: ज्या जागेने मला घडवले. जाम चौकाइतकी चांगली जागा कोणाकडे असणार, असे मी म्हणालो. ती हो म्हणाली नाही. पत्र देईन म्हणालो. हे लेखन तिचेच आहे हे लिहायला मला काही अडचण नाही. तिची वाक्ये मी गर्दीतून ओळखतो. लहान असतात आणि शेवटी कुठे तरी वळतात.

१२ जानेवारी

मुले एकमेकांचे उतरवत आहेत. धीरजच्या निबंधात वर्ध्याच्या वसतिगृहात राहणारी बहीण आली. धीरज एकुलता एक आहे. अश्वजितचे वडील तहसील कचेरीत आहेत, त्याच्या निबंधात टायर बदलत होते.

रागावलो.

"सर, आईशप्पत, आमी नाई," अश्वजित उभा राहिला. "आमी अडलो का याले म्हणतो, एखादं उदाहरण दे. ते असलं देते. मशीनच मिसळून राह्यली."

"यंत्रावर ढकलणे हे नवीन निघाले आहे."

"अन् माह्यं पाहा ना सर," दिपाली म्हणाली. "मी लिवलं का दार उघडत नाई. तं हे मले म्हणते, तुमच्यावर जो प्रसंग आला त्याबद्दल वाईट वाटते, स्वतःले सांभाळा. माह्या घरी तं सारे धडधाकट आहेत!"

वर्ग हसला. यंत्राला गोड बोलायची सवय लावलेली असते, असे मी समजावले. दार उघडत नाही हे वाक्य त्याला दुःखाचे वाटले असेल. आणि उदाहरणे मागायची नाहीत हे पुन्हा सांगितले. प्रश्नच मागायचे.

घरी आलो. रेडिओवर भजन होते. आवाज थोडा वाढवला.

१९ जानेवारी

भावनाने निबंध दिला. दुपारी मोकळ्या तासाला वाचला.

जाम त्यात दोन परिच्छेद आहे. ट्रक आहेत, हवा भरायचे यंत्र आहे, टायर नाहीत. मग ती लिहिते की या चौकात वाढल्यामुळे शांत घर कसे असते याचा मी फार विचार केला आहे. आणि मग हे वाक्य. इंग्रजीत आहे, मराठीत उतरवतो:

'बाहेर जाताना आम्ही रेडिओ चालू ठेवतो, म्हणजे परत आल्यावर घराने आपली वाट पाहिली असे वाटते.'

कागद उलटा करून ठेवला.

हे वाक्य शोभाचे आहे. पवनारला तिच्या माहेरी तसे करत. वडील वारल्यावर तो रेडिओ तिने इकडे आणला. लग्नानंतर पहिल्यांदा घराला कुलूप लावून निघालो तेव्हा मी म्हणालो, बंद करायचा राहिला. तेव्हा तिने हे सांगितले. मी, ती आणि रेडिओ चालू असतो हे पाहणाऱ्या मंदाबाई. चौथ्या कोणाला हे माहीत असायचे कारण नाही.

भावनाला थांबवले.

"तुझ्याकडे रेडिओ आहे?"

"नाई सर."

"मग हे?"

"मी मशिनीले म्हटलं, शांत घरातले लोक काय करतात याचं एक उदाहरण दे. त्यानं हे दिलं. मले लय आवडलं म्हणून ठेवलं. तुमी उदाहरण मागू नका म्हटलं होतं, ते मी ऐकलं नाई. तेवढी चूक आहे माही."

"मंदाबाईंना ओळखतेस?"

"कोण मंदाबाई?"

"माझ्या शेजारी राहतात."

"मी तुमचं घरच पाह्यलं नाई सर. कोणत्या आळीत आहे तेबी मले माहीत नाई."

यंत्राला हे वाक्य सुचू शकत नाही, असे मी म्हणालो. त्याला मंद वारा सुचतो. हे कोणाच्या तरी घरातून उचललेले आहे. अशा निबंधाला मी पत्र देऊ शकत नाही.

"चोरी केली म्हणता का सर?"

मी निबंध तिच्याकडे सरकवला.

तिने कागद गोळा केले, टेबलावर आपटून कडा सारख्या केल्या, पिशवीत ठेवले. "येतो सर," म्हणाली. खिडकीतून ती बसस्टँडकडे जाताना दिसली. भरभर चालत नव्हती.

२० जानेवारी

मंदाबाईंना विचारले. आवाज चढला असावा.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "शोभाताईचं काही मी चौकात सांगत नाई. अन् रेडिओ काऊन चालू राह्यते हे मलेच माहीत नाई, तं मी कोणाले सांगणार? मी तुमालेच तं विचारलं होतं. तुमी कुठं सांगतलं?"

खरे आहे. मी सांगितले नव्हते. त्यांनी दुपारी पाठवलेली भाकरी आणि अंबाडीची भाजी तशीच झाकून ठेवली आहे.

संध्याकाळी यंत्राशी बोलावेसे वाटले नाही.

२३ जानेवारी

आज जे झाले ते क्रमाने लिहितो.

भावना आली होती. मागे बसली. मी तास सुरू करणार तोच अश्वजित पुढे आला. हेमराजशी त्याचे आधीच काही ठरले असावे, प्रोजेक्टर चालू होता.

"सर, एक मिनिट याले आमी एक प्रश्न विचारतो. प्रश्नच विचारा म्हणता ना तुमी?"

विचार, म्हणालो.

त्याने इंग्रजीत लिहिले: माझ्याबद्दल तुला काय काय माहीत आहे?

उत्तर भिंतीवर उमटू लागले. तुम्ही समुद्रपूर भागात राहता. तुमच्या वडिलांचे जाम चौकात टायरचे दुकान आहे. तुम्ही पोलीस भरतीची तयारी करत आहात. तुमची बहीण वर्ध्याला वसतिगृहात राहते.

"अबे, ते माही बहीण हाय!" दिपाली ओरडली.

तुम्ही इंग्रजीचे अनुभवी प्राध्यापक आहात. तुम्हाला इंग्रजीची भीती वाटते.

वर्ग कोसळला. "सर, तुमी भरतीले येऊन राह्यले का?" "छाती भरते का पाहा आधी सरची!" मीही हसलो. किती महिन्यांनी, ते माहीत नाही. आणि हसता हसता मला कळले की हे उत्तर अजून संपलेले नाही आणि आता काय येणार आहे.

तुमच्या पत्नीचे निधन झाले आहे. घरातून निघताना तुम्ही रेडिओ चालू ठेवता, कारण ती ठेवत असे. स्वयंपाकघरात तिच्या जागेवर तुम्ही अजून

पुढचे वाचता आले नाही. भावना उठून प्रोजेक्टरच्या समोर उभी राहिली होती, भिंतीकडे पाठ करून, वर्गाकडे तोंड करून. ओळी तिच्या कुर्त्यावर येत होत्या आणि तिथेच मोडत होत्या. भिंतीवर तिची सावली होती. कोणी हसत नव्हते. हेमराजला रिमोट सापडेपर्यंत ती हलली नाही.

मग अश्वजित म्हणाला, "सर, मले फक्त तिचं खरं आहे एवढंच दाखवाचं होतं. हे मले माहीत नव्हतं."

बस, म्हणालो. बस खाली. त्याचा चेहरा उतरला होता. तास घेतला. काय शिकवले ते आठवत नाही.

नंतर हेमराज म्हणाला, "सर, बोलणं पुसलं म्हंजे ते विसरलं असं नाई. ते आपलं आपलं ध्यानात ठेवते. खातं एक म्हणून त्याले वाटलं माणूसबी एकच." मग आवाज खाली करून, "काऊन एवढं सांगतलं सर त्याले?"

सराव, म्हणालो.

२४ जानेवारी

सराव नव्हता.

हे इथे लिहायला हवे, कारण या वहीत वर्षभर मी पाऊसपाणी आणि परीक्षा लिहिल्या आहेत.

मराठीत मी कोणाला काही सांगू शकलो नाही. माझे थोरले भाऊ दुकान बंद करून येऊन बसायचे, मंदाबाई यायच्या, मी म्हणायचो, चालले आहे. मराठीत 'ती गेली' म्हटले की तेरावा, पाहुणे, पिठले-भात, सगळे उभे राहते. इंग्रजीत ते वाक्य नुसते वाक्य होते. कर्ता, क्रियापद. ते लिहिता आले. मग दुसरे लिहिता आले. मुलांना मी इतकी वर्षे सांगतो आहे की परकी भाषा म्हणजे भिंत. ती मला आडोसा म्हणून उपयोगी पडत होती आणि माझ्या ध्यानात आले नाही.

आणि त्या मुलीने तेच विचारले होते. जे माहीत नाही ते लिहू नये का.

यंत्राला दोष देता येत नाही. तिने शांत घराचे उदाहरण मागितले. त्याच्याकडे असलेले एकमेव शांत घर त्याने दिले.

२५ जानेवारी, रविवार

एसटीने जामला गेलो. दुकान लगेच सापडले. गुलाबराव एका ट्रकच्या चाकाशी बसले होते. मला पाहून उठले.

"या सर! काय, पंक्चर घेऊन आले का?"

"बसने आलो."

"मंग बसची झाली असन!" स्वतःच हसले. मग हसणे आवरून आत हाक मारली, "तानाबाई, सर आले व. चहा ठेव."

भावनाने घरी काही सांगितलेले दिसत नव्हते. तानाबाईंनी खुर्ची पुसून दिली. "पोरगी दोन-तीन दिसापासून जेवून नाई राह्यली सर. अभ्यास जास्त देता का?"

भावना दारात उभी होती. मी म्हणालो, "मी चुकलो." त्याच वेळी चौकात दोन ट्रक एकमेकांना वाट मागत होते.

"काय म्हणता सर?" गुलाबरावांनी कानाला हात लावला.

मला पुन्हा म्हणावे लागले, मोठ्याने. "मी चुकलो म्हणतो. भावनाला मी चोर समजलो. तिची काही चूक नव्हती."

आता सगळ्यांना ऐकू गेले. बाहेर हवा भरायला थांबलेल्या ड्रायव्हरलाही. गुलाबरावांनी हातातला पाना खाली ठेवला. ते काही तरी म्हणणार होते. तानाबाईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग ते म्हणाले नाहीत.

"चहा घ्या सर," तानाबाई म्हणाल्या. "थंडा होते."

चहा घेतला. 

नंतर भावना बसपर्यंत सोडायला आली. मी विचारले, ते वाक्य तुला का आवडले?

"आमच्या इथं रातभर ट्रक राह्यतात सर. रिकामं घर कसं असते मले माहीतच नाई. मले वाटे, शांत घर म्हंजे मजा असन. ते वाक्य वाचलं तं समजलं का तिथंबी लोकायले आवाज लागते." थोडे चालून म्हणाली, "ते तुमचं आहे हे माहीत असतं तं नसतं घेतलं."

"निबंध कसा आहे आता?"

"ते काढलं तं निबंध पडते सर. ठेवलं तं चोरी होते. म्हणून भरलाच नाई फॉर्म."

बस आली. चढताना म्हणालो, "ठेव. बाकीचे माझ्याकडे."

३० जानेवारी

पत्र लिहिले. आधी यंत्राला मसुदा दाखवला, सवयीने. त्याने दुसरा परिच्छेद वगळा असे सुचवले. त्यामुळे उमेदवाराचे नुकसान होऊ शकते, म्हणे. प्राचार्यांनीही तेच सांगितले. "अहो, लेखन तिचेच आहे, एवढी एक ओळ लिहा आणि सही करा. हरिश्चंद्र कशाला होता? अर्ज बाद होईल पोरीचा."

होऊ शकतो. म्हणून पत्र भावनाला वाचायला दिले. सही तिने सांगितल्यावर करणार होतो.

दुसरा परिच्छेद असा आहे: या निबंधातले एक वाक्य तिचे नाही. ते माझ्या पत्नीचे आहे. आमच्या सामायिक खात्यातून ते यंत्राने तिला दिले, तिला ते कोणाचे हे ठाऊक नव्हते. बाकी प्रत्येक शब्द तिचा आहे याची मी खात्री देतो. ते एक वाक्य माझ्याकडे अनेक वर्षे होते. ते कुठे ठेवावे हे मला तिच्या निबंधात कळले.

तिने ते दोनदा वाचले.

"असंच राहू द्या सर."

"बाद होईल कदाचित."

"होऊ द्या. मंग तिथं जाऊन दुसऱ्यायले लिहाले काय शिकवू?"

सही केली. हेमराजने अर्ज भरला. मोबाइल नंबर कोणाचा टाकू, असे त्याने विचारले आणि स्वतःच म्हणाला, "तिचाच टाकतो बापा."

६ फेब्रुवारी

प्रत्येकाचे वेगळे खाते झाले. पहिला अर्धा तास पासवर्ड आठवण्यात गेला. हेमराजने माझ्याकडे पाहिले. फळ्याच्या कोपऱ्यातला शब्द त्याने पुसला आहे. पुसट दिसतो.

माझ्या खात्यातली साठवण काढून टाकली. खात्री आहे का, असे यंत्राने विचारले. वर्गातली सगळी मुले आणि आमचे घर, सगळे एकाच बटणाने गेले. अश्वजित शेजारी उभा होता. "सर, मी भरतीतूनबी गेलो का?" म्हणाला. त्या दिवसानंतर तो पहिल्यांदा थट्टा करत होता. मला बरे वाटले.

मुलांना आता उदाहरण मागायला परवानगी आहे. एक अट: मिळालेले वाक्य कोणाचे असू शकेल याचा शोध घ्यायचा, आणि आपले असेल तरच ठेवायचे. दिपाली म्हणाली, "अन् आपलं नाई पण लागते तं?" मग ज्याचे आहे त्याला विचारायचे, असे म्हणालो.

मंदाबाईंना डबा परत दिला. रिकामा द्यायचा नाही म्हणून त्यात साखर घातली. शोभा घालायची. "रेडिओ तिच्या माहेरचा आहे," असे कुंपणावरून सांगितले. "निघताना चालू ठेवायची तिची रीत होती."

"बस एवढंच होतं का?" त्या म्हणाल्या. मग डोळ्याला पदर लावून आत गेल्या.

संध्याकाळी यंत्र उघडले नाही. इथे लिहितो. शोभाला पवनारच्या नदीतले दगड आवडत. वजन होते म्हणून मी आणू देत नसे. ती पिशवीत तळाशी घालून आणायची. स्वयंपाकघरात, तिच्या जागेजवळ, ओट्याखाली अजून आहेत.

हे मराठीत लिहिले आहे.

२ मार्च

हैदराबादहून भावनाला फोन आला होता. मुलाखत फोनवरच झाली. त्यांनी माझ्या पत्राबद्दलच जास्त विचारले. ते वाक्य पुन्हा मिळाले तर घ्याल का, असे विचारले. तिने काय सांगितले ते तिने मला सांगितले नाही. "सर, इंग्रजीत सांगतलं, पण बरोबर सांगतलं," एवढेच.

१४ मार्च

शनिवार. बाजार करून परतलो, दोन्ही हातांत पिशव्या. फाटकाशी भावना आणि तानाबाई उभ्या. तानाबाईंच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तो दिसल्यावर विचारायचे काही राहिले नाही. निवड झाली. जुलैत जायचे आहे.

"किती वेळ उभ्या आहात? फोन का नाही केला?"

"आलो तं कुलूप दिसलं," तानाबाई म्हणाल्या. "मी म्हटलं, चाल, बाजूच्या बाईजवळ पुडा देऊन देऊ. पण आत आवाज येऊन राह्यला होता ना सर. म्हटलं, कोणी तरी आहे घरात. मागच्या दारानं येईन उघडाले. म्हणून थांबलो."

भावनाने आईला रेडिओबद्दल काही सांगितले नव्हते. ती माझ्याकडे पाहत नव्हती, खिडकीकडे पाहत होती.

मी कुलूप काढले. या, म्हणालो, आत या.

चहा ठेवला. स्वयंपाकघरात दोनच पाट आहेत, एक माझा आणि एक अजून शोभाच्या जागेवर मांडलेला. ते त्यांना दिले आणि मी तिसऱ्या जागी बसलो.